‘प्रेमरोग’ मंडळात दाखवायचा आहे: मध्यंतर कुठे, आणि कायद्याचं काय सांगायचं?

वाचनखोली

वाचनालयाच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात राज कपूरचा ‘प्रेमरोग’ (१९८२) ठेवला आहे. गोष्ट थोडक्यात: मनोरमाचा नवरा लग्नानंतर लगेच जातो, जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ तिच्यावर अत्याचार करतो, ती माहेरी परत येते आणि तिच्यावर आधीपासून प्रेम करणारा देवधर (ऋषी कपूर) तिच्याशी लग्न करायला झगडतो. नंतर विधवा-पुनर्विवाहावर चर्चा. सभागृह दुपारी ३ ते ७ मिळेल. साठेक माणसं येतील, निम्मी पासष्टीच्या पुढची, निम्मी कॉलेजातली. चार ठिकाणी गाडी अडली आहे.

एक, मध्यंतर कुठे घ्यायचं? दोन, जेठाच्या अत्याचाराचा प्रसंग या प्रेक्षकांपुढे कसा हाताळायचा? तीन, १९८२ मध्ये विधवेनं पुन्हा लग्न करायला कायद्याची काही आडकाठी होती का? नसेल तर पडद्यावर एवढा गदारोळ कशासाठी? चार, संतोष आनंदांच्या गाण्यांवर पाचेक मिनिटं बोलायचं आहे, त्यात काय घ्यावं?

‘भारी सिनेमा, नक्की दाखवा’ एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलंत तरी चालेल.

रीळवाला

चार तासांत बसतं, पण काटेकोरपणे. सिनेमा तीन तासांना थोडा कमी आहे. ३ ला म्हणजे ३ लाच सुरू करा, पाहुण्यांचं स्वागत वगैरे दारातच उरका. मध्यंतर दहा मिनिटं आणि चहा जागेवर आणून द्या. साठ माणसं टेबलापाशी रांगेत उभी राहिली की पंचवीस मिनिटं गेलीच. सहाच्या सुमारास संपेल, मग पाऊण तास चर्चा. शेवटची दहा मिनिटं खुर्च्या आवरायला राखून ठेवा.

मनोरमा सासरहून माहेरी परत येते, तिथं थांबा. घड्याळाप्रमाणे तो नेमका मध्य नसेल, पण त्याआधी थांबलात तर पहिला भाग निव्वळ प्रेमकथा राहतो आणि चहावर लोक गाण्यांबद्दलच बोलतात. परत आल्यावर थांबलात की ‘आता हिचं काय करायचं’ हा घरच्यांपुढचा प्रश्न सभागृहात येऊन बसतो.

जेठाच्या प्रसंगाचं आधीच सांगा. सुरुवातीला एक वाक्य पुरे: पूर्वार्धाच्या अखेरीस घरातल्याच पुरुषाकडून बलात्काराचा प्रसंग आहे, कुणाला बाहेर जायचं असेल तर मागचं दार उघडं आहे. तो प्रसंग कापू नका. कापला तर पुढे मनोरमा गप्प का आहे ते कळत नाही, आणि तनुजाची जेठाणी निव्वळ रडकी वाटते.

प्रत आधी तपासा. इंटरनेटवरच्या फुकट प्रतींत दोन खोड्या असतात. पहिली, चित्र रुंद पडद्यासाठी ताणलेलं असतं. पूजेची थाळी किंवा हातातली बांगडी दिसेल तिथं थांबवून बघा. लंबगोल दिसली तर प्रत ताणलेली. दुसरी, हक्कवाल्यांच्या यंत्राला चुकवायला आवाजाची पट्टी चढवलेली असते. मूळ गाणं फोनवर लावा आणि सोबत प्रतीतलं लावा, सूर लगेच वेगळा लागतो. शिवाय डिस्क विकत घेतली म्हणजे सार्वजनिक खेळाची परवानगी मिळाली, असं नाही. तिकीट नसलं तरी नाही. हक्क सध्या कुणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी मागा. त्यात दिवस जातात, आजच पत्र टाका.

आवाज रिकाम्या सभागृहात लावून बघाल तेव्हा घुमेल. माणसं बसली की घुमणं कमी होतं आणि आवाजही दबतो, म्हणून चाचणीपेक्षा थोडा वर ठेवावा लागेल. खर्ज कमी करा. जुन्या ध्वनिपट्टीवर खर्ज चढवला की संवाद गुरगुरतात आणि ज्येष्ठांना अक्षर कळत नाही.

तबकडी

चौथ्या प्रश्नातच चूक आहे, भाषणाआधी दुरुस्त करा. सगळी गाणी संतोष आनंदांची नाहीत. ‘भँवरे ने खिलाया फूल’ पंडित नरेंद्र शर्मांचं आणि ‘मेरी क़िस्मत में तू नहीं शायद’ अमीर क़ज़लबाशांचं. ‘ये गलियाँ ये चौबारा’, ‘मैं हूँ प्रेम रोगी’ आणि ‘मोहब्बत है क्या चीज़’ ही संतोष आनंदांची. शेवटच्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं.

पाचच मिनिटं असतील तर ‘भँवरे ने खिलाया फूल’ एवढंच घ्या. फूल फुलवलं भुंग्यानं आणि घेऊन गेला राजकुमार, असा त्याचा मुखडा. अख्ख्या सिनेमाची गोष्ट त्या एका ओळीत आहे. पण त्या ओळीत फुलाला कुणी काही विचारलेलं नाही, हे कॉलेजच्या मुलांकडून काढून घ्या. ‘ये गलियाँ’ पाठवणीचं गाणं आहे, पण चाल उडती. मनोरमा माहेर सोडतेय ते खेळात सुट्टी मिळाल्यासारखं. पुढे तिच्यावर काय येणार आहे ते माहीत असलेल्याला ते गाणं पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा ऐकताना जास्त टोचतं.

देवधरचा आवाज मुख्यतः सुरेश वाडकरांचा. ऋषी कपूरला तोवरचे आवाज जास्त खेळकर होते, वाडकरांच्या आवाजात एक संकोच आहे. जो बोलत नाही अशा प्रेमिकाला तो बसतो. ‘ये प्यार था या कुछ और था’ सुधा मल्होत्रा आणि अन्वरचं आहे. तेही लता-वाडकरांच्या खात्यावर टाकू नका, ज्येष्ठांपैकी कुणीतरी हात वर करेलच.

तिसरी_घंटा

पटकथा लिहिणाऱ्याच्या नजरेनं सांगतो. विधवेचं लग्न लावायचं म्हटलं की हिंदी सिनेमा आधी एक पळवाट काढून ठेवतो. पळवाट कुठली ते ओळखलं की चर्चा आपोआप चालते.

‘कटी पतंग’मध्ये (१९७०) नायिका विधवा नसतेच, मैत्रिणीच्या जागी विधवा म्हणून राहते. म्हणजे लग्न लावलं तरी पुनर्विवाह होत नाही. ‘शोले’त (१९७५) ठाकूर स्वतः विधवा सून राधेच्या वडिलांकडे तिच्या जयशी लग्नासाठी शब्द टाकायला जातो. हिंदी पडद्यावर सासऱ्यानं सुनेसाठी केलेली इतकी सरळ मागणी विरळाच. आणि मग जय मरतो. प्रश्न सुटला.

‘प्रेमरोग’ची पळवाट जास्त चलाख आहे. इथं लग्न खरं होतं, वैधव्य खरं येतं. पण नवरा लग्नानंतर लगेच जातो, मूल नाही, संसार झालेलाच नाही. शिवाय देवधरचं प्रेम लग्नाच्या आधीचं. त्यामुळे पुनर्विवाह म्हणजे बाईनं नवं आयुष्य निवडणं न होता, हिरावलेली वस्तू मूळ धन्याला परत मिळणं होतं. नवऱ्यासोबत दहा वर्षं बरी काढलेली, दोन मुलांची आई असलेली विधवा पुन्हा लग्न करू म्हणाली असती तर? तो सिनेमा राज कपूरनं काढला नाही.

त्याचं उलटं टोक हवं असेल तर ‘एक चादर मैली सी’ (१९८६). राजिंदरसिंग बेदींच्या कादंबरीवरचा. तिथं विधवा राणोला मुलं आहेत आणि गाव तिच्यावर धाकट्या दिरानं चादर घालावी, म्हणजे तिच्याशी लग्न करावं, म्हणून हट्ट धरतं. ज्याला तिनं मुलासारखं वाढवलं तोच नवरा. पुनर्विवाह तिथं सुटका नाही, सोय आहे: बाई घरात, मुलं घरात, भाकरी घरात. गंमत म्हणजे दोन्हीकडे ऋषी कपूर. एकीकडे विधवेशी लग्न करायला झगडणारा, दुसरीकडे त्याच लग्नातून पळणारा. कुलभूषण खरबंदाही दोन्हीकडे, इथं नायिकेचा बाप, तिथं मरणारा नवरा.

आता मराठी प्रेक्षकांना सांगण्यासारखं. उत्तरेतल्या ठाकुरांची हवेली, पण आतल्या बायका बघा. आई नंदा म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी. जेठाणी तनुजा म्हणजे शोभना समर्थांची. मनोरमा पद्मिनी कोल्हापुरे. तिच्या ओठांवरचा आवाज लताबाईंचा. नवरा झालेले विजयेंद्र घाटगेही आपल्याकडचेच. १९८१ ते ८३ या काळात नंदा ‘आहिस्ता आहिस्ता’, ‘प्रेमरोग’ आणि ‘मज़दूर’ अशा तीन चित्रपटांत पद्मिनीचीच आई होती, म्हणून दोघींमधली सवय पडद्यावर जाणवते. पद्मिनीचा जन्म १९६५चा, म्हणजे प्रदर्शनाच्या वेळी ती सोळा वर्षांची. पूर्वार्धात मनोरमा जी बागडते तो बालिशपणा काहींना अती वाटतो, पण तो मुद्दाम आहे. लग्न म्हणजे काय हे जिला समजलेलं नाही तिला वैधव्य समजावून सांगायची वेळ आईवर येते, हा खेळ त्याशिवाय उभा राहत नाही. फिल्मफेअरही मिळालं तिला.

चर्चेसाठी एक काम देतो. उत्तरार्धात मनोरमाच्या लग्नावर जे जे प्रसंग आहेत त्यात तिची संमती कोण कोण विचारतं, याच्या रेघा प्रेक्षकांना कागदावर मारायला सांगा. तिच्या वतीनं बोलणाऱ्यांसाठी दुसरा रकाना. मग बोला.

कलमनवीस

तिसरा प्रश्न. कायद्याची आडकाठी नव्हती, १९८२ लाही नाही आणि त्याआधी सव्वाशे वर्षंही नाही. पण ‘१८५६ ला परवानगी मिळाली’ एवढंच सांगून थांबू नका. कळीचं वाक्य दुसऱ्या कलमात आहे.

हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा, १८५६ सालचा १५ वा. पहिलं कलम लग्न वैध ठरवतं. दुसरं कलम सांगतं की पुनर्विवाह केला की मृत नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क ती जणू मेली असं धरून संपेल. एका हातानं कुंकू, दुसऱ्या हातानं घराबाहेर. सातवं कलमही वाचून दाखवा: विधवा अल्पवयीन असेल आणि शरीरसंबंध झालेला नसेल तर बापाची, तो नसेल तर आजोबा, आई, थोरला भाऊ या क्रमानं संमती हवी. सज्ञान असेल किंवा संबंध झालेला असेल तर तिची स्वतःची संमती पुरेशी. १८५६ मध्ये! आणि १९८२च्या पडद्यावर अख्खा गाव तिच्या वतीनं ठरवतोय.

पुढची पायरी १९३७. मिळकतीच्या कायद्यानं विधवेला मुलाइतका हिस्सा दिला, पण हयातीपुरता, तिला तो सहसा विकता येत नसे. मग १९५६चा हिंदू वारसा कायदा. त्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आणि १४ व्या कलमानं पूर्ण मालक. नवरा मेला त्या क्षणी हिस्सा तिचा झाला, मागाहून लग्न केलं म्हणून परत जात नाही. मात्र २४ वं कलम होतं. वारसा खुला होताना आधीच पुनर्विवाह केलेल्या तीन विधवांना ते वगळायचं: मृत मुलाची, मृत नातवाची आणि भावाची. साध्या भाषेत, सुनेनं लग्न केलं आणि त्यानंतर सासरा वारला तर सासऱ्याच्या मिळकतीत तिला काही नाही. हे कलम २००५ला गेलं. पोटगीचं वेगळं. सासऱ्याकडून मिळणारी पोटगी पुनर्विवाहानंतर बंद होते, ते आजही तसंच आहे.

१८५६चा कायदा रद्द झाला १९८३ला, म्हणजे सिनेमा आला तेव्हा तो पुस्तकात होता. वेळ आणखी एका अर्थानं बघण्यासारखी आहे. आपल्याकडच्या मथुरा प्रकरणातला, म्हणजे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यातला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८चा. त्यावर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि बलात्काराचा कायदा १९८३ला बदलला. सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ सुद्धा त्याच वर्षीचं. घरातल्या पुरुषाकडून अत्याचार झालेली सून १९८२ मध्ये लोकप्रिय पडद्यावर येते ती या मधल्या काळात. कॉलेजच्या मुलांना हे नक्की सांगा, नाहीतर त्यांना तो प्रसंग फक्त खलनायकाचं काळं दाखवण्यासाठी घातलेला वाटेल.

वाचनखोली

हे सोन्यासारखं आहे. संतोष आनंदांची चूक दुरुस्त केली, तबकडी, आभार. कलमनवीस, एक शंका. मग जेठाला मिळकतीचा फायदा कशात होता? विधवा घरात राहण्यात की ती लग्न करून जाण्यात? कुणीतरी हे विचारणारच.

कलमनवीस

चांगला प्रश्न. सिनेमा त्याचा हिशेब मांडत नाही, आपण मांडू. सोपं उदाहरण धरा: आईबाप हयात नाहीत, दोनच भाऊ, वाडा एकत्रातला, धाकट्याला मूल नाही. धाकटा वारला. कायदा वाटणी झाली असं मानतो, धाकट्याचा अर्धा हिस्सा पूर्ण विधवेकडे. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो, पहिल्या वर्गात कुणी असेपर्यंत त्याला शून्य. ती लग्न करून गेली तरी अर्धा वाडा तिचाच. म्हणजे वाड्यापुरता जेठाचा फायदा ती गप्प घरात राहण्यात.

शेतजमिनीचं उलटं. गाव उत्तर प्रदेशातलं धरलं तर तेव्हा तिथल्या १९५०च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याचा वारसाक्रम लागायचा, हिंदू वारसा कायदा नाही. त्यात मुलगा नसेल तर जमीन विधवेकडे यायची, पण तिनं लग्न केलं की ती मृत नवऱ्याच्या पुढच्या वारसाकडे जायची. भाऊ त्या रांगेत होता. निव्वळ जमिनीचा हिशेब केला तर मनोरमाच्या लग्नात पहिल्या अक्षता जेठानं टाकायला हव्या होत्या.

तिसरी_घंटा

म्हणूनच मिळकतीनं सगळं उलगडत नाही. तिच्या जाण्यानं त्याची जमीन वाढते आणि तरी तो आडवा येतो, कारण बाहेर गेलेली बाई बोलू शकते. घरातली बोलत नाही. तनुजाकडे बघा, तिला सगळं माहीत आहे आणि ती वाड्यातच आहे.

हळदओली

आपल्या बाजूचं थोडं. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२चं, बरोबर शंभर वर्षं आधीचं. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेला तर बाईलाच शिक्षा का, हा प्रश्न त्यांनी बुलढाण्यात बसून विचारला. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं ते १८९३ला. पण हे सगळं मुख्यतः पांढरपेशांचं दुखणं होतं हेही सांगा. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पाट किंवा मोहतूर, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावायची चाल आधीपासून होती. फक्त तो विधी पहिल्या लग्नाच्या तोलाचा मानत नसत, रात्री, कमी माणसांत उरकत. ‘विधवेचं लग्न होतच नसे’ असं सरसकट वाक्य भाषणात नको.

जोडीला दहा मिनिटं मिळाली तर ‘दुनिया न माने’चा (१९३७) तुकडा दाखवा. आपल्याकडे तोच ‘कुंकू’. प्रभातचा, शांतारामबापूंचा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून. तिथं पुनर्विवाह म्हाताऱ्या विधुराचा, आणि त्याला कुणी शास्त्र विचारत नाही. शांता आपटेंची नायिका त्याला नवरा मानायलाच नकार देते. शेवटी हा म्हातारा नवरा, काकासाहेब, तिला पुन्हा लग्न करायला सांगणारं पत्र मागे ठेवून जीव देतात. त्यात पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते घरातलं आणि रस्त्यावरचं. ‘प्रेमरोग’च्या व्हायोलिनांनंतर तो तुकडा लावला तर सभागृह आपोआप गप्प होईल, म्हणून तो आधी नको, नंतर लावा.

ज्येष्ठ बायकांना बोलतं करायचं असेल तर ‘तुमचं मत काय’ असं विचारू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठरावातल्या या चालींची नावं फळ्यावर एकाखाली एक लिहा. तुमच्या गल्लीत यातली कुठली अजून चालते, एवढंच विचारा. उत्तरं येतील.

वाचनखोली

फळा आहे, खडू आणावे लागतील. ‘कुंकू’चा तुकडा धरून वेळ बसेल का?

रीळवाला

बसेल, चर्चा पस्तीस मिनिटांवर आणलीत तर. तुकडा वेगळ्या फाइलीत कापून त्याच यंत्रावर आधीच उघडून ठेवा, डिस्क बदलत बसू नका. आणि त्याचा आवाज वेगळा तपासा. १९३७ची ध्वनिपट्टी ‘प्रेमरोग’च्या पातळीवर लावली तर पहिल्या रांगेलाही ऐकू येणार नाही.